आमलीपाड्याचं टपाल

करणसिंग माझा विद्यार्थी, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर लोक म्हणतील, गिरधर मास्तर स्वतःचा मोठेपणा मध्येच घुसडतो. त्याला पहिलं अक्षर मी काढायला शिकवलं. कापूस वेचायला डोंगरातून जी माणसं आमच्या ब्राह्मणपुरीला उतरायची, त्यांच्यातल्या रूपलीबाईचा हा मुलगा. आई वावरात, आणि हा माझ्या शाळेच्या दाराशी उकिडवा बसलेला. दोन हंगाम मी नुसता बघितला. तिसऱ्या हंगामाला कान धरून आत बसवला. पुढे तो खापर गावच्या शाळेत गेला, धुळ्याला ट्रेनिंग करून आला आणि आमच्यापासून पाच कोसांवर, डोंगराच्या पायथ्याला, आमलीपाड्याच्या शाळेचा मुख्य मास्तर झाला. मुख्य कसला, एकटाच मास्तर. पण हुद्दा तोच, जो माझा. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. सहा महिने टिकला.

मग जिकडे जावं तिकडे त्याचंच नाव कानावर यायला लागलं. शहाद्याला कागद-दौत आणायला गेलो तर रतिलाल दुकानदार म्हणाला, तुमच्या त्या करणसिंग मास्तरच्या पोरांनी पळसाच्या पत्रावळी लावून आणल्या, मी बदल्यात पाट्या दिल्या, अख्ख्या शाळेला पुरतील एवढ्या. माझ्या शाळेत निम्म्या पाट्या फुटक्या होत्या. चार वर्षं मी स्कूल बोर्डाकडे मागणीचे अर्ज करत होतो आणि चार वर्षं बोर्ड मला उत्तर देत नव्हतं. आणि हा कालचा पोर पानं शिवून पाट्या घेऊन गेला. मी रतिलालला म्हटलं, "शाळा आहे की पत्रावळींचा कारखाना?" तो हसला. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं.

माझं घोडं कुठं अडलं होतं तेही सांगतो, म्हणजे उगाच कोणी मला दुष्ट समजायला नको. चौदा वर्षं मी ब्राह्मणपुरीच्या शाळेचा मुख्य. आमची शाळा चौथीपर्यंत. त्यापुढे शहादा. मुलगे जातात, मुली घरी बसतात. माझी प्रमिला चौथी झाली आणि घरी बसली. अक्षर असं, की धुळ्याला जाणारा माझा प्रत्येक कागद तीच पक्का करून लिहायची. कच्चा मी लिहायचा, पक्का तिनं. तिला सातवीच्या फायनल परीक्षेपर्यंत शिकवून मास्तरीण करायचं, हे मी ती पहिलीत असतानाच मनाशी धरलं होतं. त्यासाठी गावाला पाचवी ते सातवीचा वरचा वर्ग हवा होता. त्या वर्षी तिला तेरावं लागलं आणि माझी बायको धनुबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मन्हा भाऊ स्थळ सांगी ऱ्हायना. मी आखाजीलोंग थांबसू. वर्ग उना तं शाळा, नही उना तं सोयरीक."

धनुबाई बोलली की बोलली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वर्ग आणायचा, एवढंच माझ्या हातात होतं.

ही अडतीस सालची गोष्ट. त्या दिवाळीत धुळ्याच्या कचेरीत शाळा तपासणारे नवे डेप्युटीसाहेब आले. तरुण, चष्म्याचे, आणि डोक्यात नवी खुळं. सगळ्या मुख्य मास्तरांना त्यांनी एकेक छापील तक्ता धाडला. दोन रकाने. डाव्या रकान्यात, गेल्या वर्षी मी स्वतः कुठे कमी पडलो. उजव्यात, पुढल्या वर्षी मी काय करणार आणि कोणत्या महिन्यात. जानेवारीअखेर भरून पाठवायचा. शिवाय कानावर आलं की डोंगराकडच्या या भागात साहेब एकच वरचा वर्ग देणार आहेत.

चौदा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे त्याला अंगठे धरून उभं करणं. मी डावा रकाना भरला. पालकांची अनास्था. इमारत गळकी. बोर्डाकडून साहित्य वेळेवर न मिळणे. कापसाच्या हंगामात पोरं वावरात. मस्त भरला, जागा पुरेना. प्रमिला पक्का लिहायला बसली, अर्ध्यावर टाक थांबवला आणि म्हणाली, "नाना, ह्यामा तू कोठेच नही."

"साहेबांना मुद्दे लागतात. मी नाही लागत," मी म्हटलं. तिनं पुढं लिहिलं नाही. तक्ता तसाच अर्धा राहिला, आणि मीही नेट लावला नाही.

खरं सांगायचं तर मला करणसिंगनं काय लिहिलंय ते बघायचं होतं. एका सुट्टीच्या दिवशी बैलगाडी जुंपून आमलीपाड्याला गेलो. निमित्त काढलं, तुझ्याकडे नकाशा जास्तीचा आहे का म्हणून. शाळा म्हणजे कुडाची लांब झोपडी, शेणानं सारवलेली. मी आत गेलो आणि भिंत बघून उभाच राहिलो. भिंतीवर कोळशानं लिहिलं होतं, मोठमोठ्या अक्षरांत, पोरांना वाचता येईल असं: मास्तर गुरुवारी रागावला. चैत्याला उगाच मारलं. भागाकार नीट सांगता आला नाही. त्याखाली: सोमवारी चैत्याची माफी. भागाकार चिंचोक्यांवर.

"हे काय?" मी विचारलं.

"दर शनिवारी लिहितो, गुरुजी," तो म्हणाला. माझ्याशी तो नेहमी पुस्तकी मराठीत बोलायचा, मीच शिकवलेल्या. "पुढच्या शनिवारी पोरंच वाचून बघतात, केलं की नाही. नाही केलं तर पुसू देत नाहीत."

"पोरांसमोर मास्तरची अब्रू काय राहते मग?"

तो म्हणाला, "पोरं येतात, गुरुजी. रोज येतात."

नकाशा त्याच्याकडे होता. त्यानं तो गुंडाळून माझ्या गाडीत ठेवलासुद्धा. वाटभर मला वाटत होतं की तो नकाशा फेकून द्यावा. मला त्याचा हेवा वाटत होता, दुसरं काही नाही. त्याच्या पाट्यांचा, त्याच्या भरलेल्या शाळेचा, आणि सगळ्यात जास्त त्या भिंतीचा. मला असं लिहायचं धाडस झालं नसतं, आणि त्याला ते किती सोपं गेलं होतं.

दिवाळीनंतर कापूस फुटला आणि आमलीपाड्याची घरं दरवर्षीसारखी वेचणीला खाली आली. आतापर्यंत असं व्हायचं, की दोन महिने डोंगरातल्या शाळा ओस आणि हजेरीपटावर सगळी पोरं हजर. सगळेच मास्तर तसं करायचे, मीही करायचो. करणसिंगनं काय केलं, तर शाळाच खाली आणली. बन्सीलाल पाटलाच्या वावराच्या बांधावर कडुनिंब आहे, त्याखाली दुपारी पोरं बसायची. फळा म्हणून निंबाच्या फांदीला एक पाटी टांगलेली. माझ्या शाळेपासून तीन वावरं पलीकडे. माझ्या गावात, माझ्या नाकासमोर.

बन्सीलाल पाटील शाळेच्या ओट्यावर टेकायला आला, पानाला चुना लावता लावता म्हणाला, "मास्तर, दुपारले पोरं निंबखाले बठतस, मायबाप निवांत कापूस येचतस. मन्ही पहिली वेचणी आठ दिन आधी आटपी. तुन्हा चेला तं तुन्हा पुढे निंघी गया."

मी म्हटलं, "चेला माझाच ना." हसून म्हटलं.

त्यात प्रमिला. आईची भाकरी घेऊन वावरात जायची आणि तास तास यायची नाही. चौकशी केली तर कळलं, निंबाखाली लहानग्यांना मुळाक्षरं काढून देते. संध्याकाळी जेवताना करणसिंग मास्तर असं म्हणतात, करणसिंग मास्तर तसं करतात. एकदा मी ताटावरून उठलो. धनुबाई म्हणाली, "काय व्हयनं तुमले?" मी म्हटलं, भूक नाही. तीन दिवस मी स्वतःच्या पोरीशी नीट बोललो नाही, आणि का बोलत नाही हे तिला कळत नव्हतं.

आता टपालाचं. आमच्या शाळेतच पोस्ट होतं. मास्तर मी आणि पोस्टमास्तरही मीच. सुपडू टपालवाला शहाद्याहून एक दिवसाआड थैली घेऊन चालत यायचा. गावचं टपाल शाळा सुटताना पोरांच्या हाती जायचं. डोंगराकडच्या पाड्यांचं माझ्या लाकडी पेटीत राहायचं आणि त्या बाजूचा कोणी बाजाराला जाताना थांबला की त्याच्या हातात द्यायचं. कुणी थांबलंच नाही तर पत्र आठ-पंधरा दिवस पेटीत पडून राही आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे. डोंगराचं टपाल म्हणजे असंच, सगळे धरून चालत.

मार्गशीर्षात एका दुपारी थैलीत डेप्युटी कचेरीच्या शिक्क्याचं पाकीट निघालं. वर नाव: मुख्याध्यापक, आमलीपाडा.

मला ते पाकीट फोडायची गरजच नव्हती. मला ठाऊक होतं त्यात काय आहे ते. वर्ग त्याला मिळाला होता, किंवा मिळणार होता आणि साहेब पाहणीला येणार होते. कुडाच्या झोपडीला वरचा वर्ग आणि माझी प्रमिला मामाच्या स्थळाला. शाळेच्या खिडकीतून तो कडुनिंब दिसत होता. पोरं बसली होती, तो उभा होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी पाकीट पेटीत टाकलं, झाकण लावलं आणि पोरांना पाढे म्हणायला सांगितले. स्वतःला म्हटलं, डोंगराचं टपाल आहे, डोंगराकडचा माणूस बाजाराला निघाला की देऊ. डोंगराकडची सगळी माणसं तीन वावरांवर कापूस वेचत होती.

चार दिवसांनी करणसिंग आला. ओट्याच्या खालीच उभा राहिला. "गुरुजी, धुळ्याचं काही आलं का माझं?"

"आलं की देईन," मी म्हटलं.

आठवड्यानं पुन्हा आला. मी हजेरीपटावरून मान वर न करता तेच सांगितलं. तो "बरं, गुरुजी" म्हणून गेला. त्याला संशय आला असता तर बरं झालं असतं. त्याला आला नाही. ज्यानं कान धरून शाळेत बसवलं तो माणूस टपाल दाबून ठेवील, हे त्याच्या डोक्यात कुठून यावं?

प्रमिलाच्या मात्र नजरेतून सुटलं नाही. पेटी झाडायला तीच यायची. म्हणाली, "नाना, करणसिंग मास्तरले ते पत्र दिन्हं का?"

"दिन्हं," मी म्हटलं. खोटं बोलताना मी तिच्या बोलीत बोललो, का कोण जाणे. तिनं पेटी बंद केली आणि पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी दुपारी मी पाकीट पेटीतून काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

तेवीस दिवस ते पाकीट माझ्याजवळ होतं. कोट काढला की मला ते आठवायचं, घातला की आठवायचं. तरी देववलं नाही. एकदा निंबापर्यंत गेलोही. तिथं प्रमिला पोरांना फळ्यावर काहीतरी दाखवत होती आणि सगळी पोरं हसत होती. माझ्या वर्गात पोरं कधी हसत नाहीत. मी बांधावरूनच परत फिरलो.

चोविसाव्या दिवशी सुपडूनं थैली ओतली. त्यात माझ्या नावाचं पाकीट होतं, डेप्युटी कचेरीचंच. उभ्यानं फोडलं. साहेबांनी लिहिलं होतं की ब्राह्मणपुरीस वरचा वर्ग देण्याचा विचार पक्का होता. त्यास चौथी उत्तीर्ण वीस मुलं लागतात. ब्राह्मणपुरीची तेरा होती. आमलीपाड्याच्या मुख्याध्यापकांनी आपली नऊ मुलं ब्राह्मणपुरीस धाडण्याचं स्वतः सुचवलं होतं, तसं त्यांच्याकडून लेखी मागवलं होतं. मुदतीत उत्तर आलं नाही. तरी सदर वर्ग यंदा दुसऱ्या गावास देण्यात आला आहे.

मी ते पत्र तीनदा वाचलं. सुपडू म्हणाला, "वाईट खबर शे का मास्तर?" मी त्याला पाणी दिलं आणि जा म्हटलं.

वर्ग माझाच होता. तो माझ्यासाठी मागितला होता करणसिंगनं, आणि तो माझ्या पेटीत नि कोटाच्या खिशात तेवीस दिवस होता.

शाळा सोडून दिली आणि निंबाखाली गेलो. दुपारची शाळा संपत आली होती, पोरं आयांकडे परतत होती. करणसिंग पाटी पुसत होता. मी दोन्ही पाकिटं त्याच्यापुढे धरली. आधी त्यानं स्वतःचं बघितलं. शिक्का बघितला, शिक्क्यावरची तारीख बघितली. मग फोडून वाचलं. मग माझं वाचलं. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. त्यानं दोन्ही पत्रं पुन्हा घडी केली.

"साहेब आमलीपाड्याला आले होते तेव्हा मी तोंडी सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला. "वर्ग ब्राह्मणपुरीलाच पाहिजे. आमची पोरं दोन महिने इथंच असतात. बाकीचे महिने बन्सीलाल पाटलांच्या खळ्यावर राहतील, मी बोलून ठेवलं होतं. आमच्या झोपडीत फायनल कोण शिकवणार? मला येतं का तेवढं? तुम्हाला येतं."

"मला विचारायचं होतंस."

"वर्ग मिळाला की सांगणार होतो, गुरुजी. तुम्हाला आनंद होईल म्हणून."

मी विचारलं, "रागावलास?"

"हो," तो म्हणाला. "फार रागावलो. नऊ पोरं होती. चैत्या पण होता त्यात." त्यानं पाटी फांदीला टांगली, खडू हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

"लिही," मी म्हटलं. "तुझ्या रीतीप्रमाणे. माझं नाव घालून लिही, पोरांना वाचू दे."

"तुमचं मी कसं लिहू?" तो म्हणाला. "ज्याचं त्यानंच लिहायचं असतं." मग खाली वाकून पाया पडला, पूर्वीपासून पडायचा तसाच, आणि वेचणीवाल्यांकडे निघून गेला. त्याच्या त्या पाया पडण्यानं मला जेवढं लागलं तेवढं त्यानं थोबाडीत दिली असती तर लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर घोंगडी अंथरली, तक्ता काढला, प्रमिलाला हाक मारली. ती दौत-टाक घेऊन बसली. धनुबाई आत दळत होती, जात्याचा आवाज चालू होता. मी म्हटलं, जुना कागद फाड, नवा घे. कच्चा नाही, एकदम पक्काच लिही.

"काय लिखू?"

मी सांगायला लागलो. अमुक तारखेस आमलीपाड्याच्या मुख्याध्यापकांचे पत्र माझ्याकडे आले. ते मी दिले नाही. तेवीस दिवस माझ्याकडे दाबून ठेवले. त्यांनी दोनदा विचारले, दोनदा मी खोटे बोललो. घरातही खोटे बोललो. मुदत टळली, वर्ग गेला. बावीस मुलांचे नुकसान झाले, त्यात माझी मुलगी. कारण, मला त्यांचा हेवा वाटत होता.

हे धुळ्याला पोचलं की पोस्ट तर जाणारच, नोकरीचंही सांगता येणार नव्हतं. पण मी त्या वेळी नोकरीकडे बघत नव्हतो. मी तिच्या हाताकडे बघत होतो. 'घरातही खोटे बोललो' इथं टाक क्षणभर थांबला होता. मग तिनं शाईत बुडवला आणि तशाच वळणदार अक्षरात पुढं लिहिलं. 'माझी मुलगी' हे शब्दसुद्धा तिनं तसेच लिहिले, बाकीच्यांहून लहान नाही, मोठे नाही. मान एकदाही वर केली नाही. जातं आत कधी थांबलं ते मला कळलं नाही.

डावा रकाना भरला. ती म्हणाली, "आते उजवा. पुढला वरीसले काय करशी?"

चौदा वर्षं मुख्य मास्तर, आणि मला एक ओळ सुचेना. आखाजीला चार महिने राहिले होते. वर्ग परत आणीन असं लिहायचं तोंड मला नव्हतं. पाट्या, इमारत, हजेरी, सगळं डोक्यात आलं आणि सगळं फालतू वाटलं. मी म्हटलं, "माले काही सुचत नही, बाई. तूच लिही."

तिनं लिहिलं. मग तक्ता माझ्याकडे सरकवला, टाक माझ्या हातात दिला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. उजव्या रकान्यात एकच ओळ होती.

आलेले पत्र ज्याचे त्याला त्याच दिवशी स्वतः नेऊन देणे.

मी सही केली. ती उठून आईबरोबर जात्याला हात लावायला आत गेली.